फार्जांच्या घरातली बंद भट्टी

भट्टी कोसळली तेव्हा क्लेर देलमास माळ्यावर होती. हातात मोजपट्टी, दातांत पेन्सिल.

आधी धप्प आवाज झाला, मग दगड घरंगळल्याचा, मग पुन्हा नुसता पाऊस. ती शिडीवरून उतरली आणि घराला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीपाशी गेली. भिंतीला बाहेरून चिकटलेली पावाची जुनी भट्टी वरून फुटली होती. छपराच्या दगडी फरश्या, घुमटाच्या विटा, माती, सगळं आत गेलं होतं. तिने भगदाडातून वाकून पाहिलं.

आत चुन्याचा पांढरा थर होता. थरातून एक बूट वर आला होता. बुटात पायाचं हाड होतं.

क्लेर सरळ उभी राहिली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आली. ओनोरीन फार्ज चेस्टनट सोलत बसली होती. चौपन्न वर्षांची ही बाई या घरात एकटी राहत होती.

"काय पडलं गं?"

"भट्टी पडली. तुम्ही मागे जाऊ नका. टेलिफोन कुठे मिळेल?"

"बोर्दासकडे, ओढ्यापलीकडे. पण दगड पडले म्हणून टेलिफोन कशाला करतेस? लेओनारला सांगू. तो बघेल."

"आधी टेलिफोन करते," क्लेर म्हणाली.

ती छत्री न घेताच गेली.

शांतलूब ही वाडी एकेकाळी अकरा घरांची होती. १९७४ च्या त्या नोव्हेंबरात तीन घरांतून धूर निघत होता: ओनोरीनच्या, ओढ्यापलीकडे रेमों बोर्दासच्या आणि वरच्या चढावर लेओनार विआल या म्हाताऱ्या गवंड्याच्या. क्लेरला जिल्ह्याच्या दप्तरखान्याने जुनी शेतघरं मोजायच्या, रेखाटायच्या आणि त्यांचा इतिहास लिहायच्या कामावर ठेवलं होतं. वर्षातले निम्मे दिवस ती परक्या घरांत झोपायची. छत्तिसाव्या वर्षी तिला लिमोज शहरातल्या स्वतःच्या खोलीपेक्षा दुसऱ्यांच्या भिंती जास्त पाठ होत्या.

हे घर तिला तीन दिवसांत आवडलं होतं. दारावरच्या दगडात १७८३ कोरलेलं. माणसं आणि गाई एकाच लांब छपराखाली, मध्ये फक्त लाकडी पडदी. चुलाणं एवढं मोठं की त्याच्या आत दोन्ही बाजूंना बसायला बाक. भट्टीचं तोंड त्याच चुलाण्याच्या मागच्या भिंतीत होतं, म्हणजे बर्फ पडला तरी बाहेर न जाता पाव भाजता येई. आता त्या तोंडावर दगडी बांधकाम होतं आणि त्यावर वर्षानुवर्षांचं काजळ.

फौजदार वेसिएर दोन शिपायांसह आला. ताडपत्री ताणून दुपारभर त्यांनी चुना आणि माती उपसली. हाडं पुरुषाची होती. कवटी मागून तडकलेली. कमरेपाशी शिंगाच्या मुठीचा चाकू सापडला.

फौजदाराने चाकू रुमालात धरून ओनोरीनपुढे केला.

तिने वाकून मूठ पाहिली. मग हातातला चेस्टनट तिने हळूच टोपलीत ठेवला.

"मार्सियालचा आहे," ती म्हणाली. "माझ्या भावाचा. तो अर्जेंटिनाला गेला."

"कधी?"

"त्रेपन्न सालच्या जानेवारीत. मी तेव्हा इथे नव्हते. छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. परत आले तर तो गेलेला."

"पत्र आलं कधी?"

"नाही."

"एकही?"

"मला वाटायचं, रागावलाय." तिने पुन्हा चाकूकडे पाहिलं. "म्हणजे तो गेलाच नव्हता का?"

फौजदाराने चाकू पुन्हा रुमालात गुंडाळला. तो पन्नाशीचा, जड हाडापेराचा, सावकाश बोलणारा माणूस होता. क्लेर चुलाण्याच्या बाकावर टेकली आणि तिने विचारलं, "ही भट्टी कोणी बंद केली?"

"मार्सियालनेच. जायच्या आधी. मी आले तर ही भिंत उभी. लेओनार म्हणाला, उंदीर यायचे म्हणून त्याने बुजवली."

"तुमच्या भावाला बांधकाम यायचं?"

ओनोरीनच्या ओठांवर ओझरतं हसू आलं. "त्याला? डुकरांच्या खुराड्याची भिंत त्याने एकदा डिसेंबरात बांधली. वसंतात दगडांमधला चुन्याचा माल पिठासारखा गळायला लागला. अजून तशीच आहे, बघ जाऊन. लेओनार त्याला म्हणायचा, तू गाई सांभाळ बाबा."

"लेओनारचं येणं-जाणं असतं इथे?"

"दर रविवारी. दुसरं कोण येणार? छपराच्या फरश्या बदलतो, धुराडं झाडतो. यंदा उन्हाळ्यात पाय मोडला, तेव्हापासून वर चढत नाही. येतो मात्र. दाराशी बसतो, सूप पितो, जातो."

"दाराशी? या थंडीत?"

"चुलाण्यापाशी नाही बसत. धूर सोसत नाही म्हणतो." ती उठून खिडकीशी गेली. "मी परत आले तेव्हा घर ऊबदार होतं. तीन गाई, एक कालवड, सगळी धष्टपुष्ट. दीड महिना त्याने चूल विझू दिली नव्हती. सख्खा माणूस करणार नाही एवढं केलं त्याने."

फौजदाराने वही मिटली.

बाहेर पागोळ्यांखाली उभं राहून तो क्लेरला म्हणाला, "तुम्हाला घरातलं कळतं. मला माणसांतलं. ही भिंत मयताने स्वतः बांधलेली नाही, एवढं दोघांनाही कळतंय."

"भट्टीला तोंड एकच असतं," क्लेर म्हणाली. "आज पडेपर्यंत घुमट अखंड होता. म्हणजे त्याला स्वयंपाकघरातूनच आत ढकललं आणि मग तोंड बुजवलं. बाई यायच्या आत."

"या दोन महिन्यांत या घरात कोण होतं, तेच शोधायचं. चला माझ्याबरोबर."

रेमों बोर्दास गोठ्यात होता. सत्तर वर्षांचा, टोपी डोळ्यांवर, जिभेला धार.

"मला माहीत होतं तुम्ही येणार," तो म्हणाला. "मार्सियालचं आणि माझं पटायचं नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. ओढ्याचा पाट तो आपल्या कुरणात वळवायचा. मी त्याला फावड्याने मारीन म्हटलं होतं. जाहीर म्हटलं होतं, चर्चच्या पायरीवर."

"मग मारलं?"

"मारलं असतं तर पाटाच्या कडेला मारलं असतं. त्याच्या स्वयंपाकघरात मी लग्नाच्या जेवणालाही पाऊल ठेवलं नसतं."

"तो गेला हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पाद्रीबाबांनी."

"त्यांना कोणी सांगितलं?"

बोर्दासने टोपी मागे सारली. "लेओनारने असेल. तोच म्हणत होता, पहाटेच्या बसने गेला म्हणून."

"बसमध्ये चढताना कोणी पाहिलं?"

"त्या थंडीत बघायला कोण जाणार? ओढा तळापर्यंत गोठला होता. तीन राजांच्या सणापासून मेणबत्तीच्या सणापर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळा जानेवारी, दगड फुटतील असं हिंव. मी घरात बसून त्याच्या धुराड्याकडे बघायचो."

"का?"

"म्हटलं, एवढं लाकूड जाळतो, ते माझ्याच रानातलं तर नाही? पण धूर एक दिवस खंडला नाही. मला तर तो गेल्याचंही खरं वाटेना. मग कळलं, लेओनार गाईंकडे बघतोय." त्याने दुधाची बादली उचलली. "हे आधी लग्न करणार होते, माहितीये? ओनोरीन आणि लेओनार. मार्सियालला मंजूर नव्हतं. घरजावई गवंडी नको म्हणायचा. मग तो गेला, आम्हाला वाटलं, आता वसंतात लग्न. मी कोंबडासुद्धा राखून ठेवला होता. पण त्याने विचारलंच नाही. एकवीस वर्षं झाली. कोंबडा आम्हीच खाल्ला."

चढावरच्या घरात लेओनार विआल टेबलाशी बसला होता. साठीचा, रुंद खांद्यांचा. आखडलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर. हात मात्र अजून तरण्या माणसाचे. त्याने पाइप पेटवला. खोलीत जाळ होता, धूरही होता. क्लेरने ते पाहिलं.

फौजदाराने सांगितलं, भट्टीत मार्सियाल सापडला.

लेओनारने पाइप खाली ठेवला. त्याने विचारलं ते एकच: "तिला सांगितलंत?"

"तिनेच ओळखला. तुम्ही काय म्हणाल?"

"मला काय माहीत? सोमवारी पहाटे तो माझ्या दाराशी आला. म्हणाला, चाललो, गाईंकडे बघ. मी मंगळवारी सकाळी खाली गेलो."

"घरात काय दिसलं?"

"काही नाही. रिकामं."

"चूल?"

"विझलेली. राख गार. बादलीतल्या पाण्याचा बर्फ झाला होता. मी मुठीने फोडला."

"आणि भट्टी?" क्लेरने विचारलं.

"बुजवलेली होती. मी म्हटलं, जायच्या आधी केलं असेल त्याने."

"म्हणजे तुम्ही पहिल्या दिवशी गेलात तेव्हा भिंत तयार होती?"

"तयार होती."

"हात लावला तिला? काही डागडुजी?"

"नाही. कशाला लावू?"

"भट्टी परत उघडायचं कधी ठरलं नाही?"

"ओनोरीन म्हणायची. मी म्हणायचो, घुमट तडकलाय, अंगावर येईल."

"उघडली नव्हती तर घुमट तडकलेला कसा कळला?"

लेओनारने तिच्याकडे पाहिलं. "गवंड्याला कळतं," तो म्हणाला.

परतताना फौजदार म्हणाला, "खोटं बोलतोय की नुसता गप्प माणूस आहे?"

"मला थोडा वेळ द्या. आधी खुराड्याची भिंत बघायची आहे."

डुकरांच्या खुराड्यापाशी तिने दर्जात, दगडांमधल्या सांध्यात, किल्ली घातली. माल भुगा होऊन तिच्या बुटावर सांडला. मग ती घराभोवती फिरली. गोठ्याचं छप्पर तीन जागी गळत होतं. भट्टीच्या ढिगाऱ्यातल्या फरश्या तिने उलटून पाहिल्या. इतरांहून नव्या, कडा अजून धारदार, काही दोनदा बदललेल्या. शेवटी ती चुलाण्यात शिरली, भट्टीच्या तोंडावरचं काजळ ओल्या फडक्याने पुसलं आणि तीच किल्ली त्या भिंतीच्या दर्जावर घासली. जोर लावून घासली. किल्ली वाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदाराने सगळ्यांना फार्जांच्या स्वयंपाकघरात बोलावलं. ओनोरीन टेबलाच्या टोकाला बसली, काळी शाल पांघरून. बोर्दास खिडकीशी. लेओनार नेहमीच्या खुर्चीवर, दाराशी.

"आज इकडे बसता का, जाळाजवळ?" क्लेरने विचारलं.

"नको. धूर."

"तुमच्या घरी काल भरपूर धूर होता."

त्याने खुर्ची दाराकडे आणखी सरकवली.

"मी घराबद्दलच बोलते," क्लेर म्हणाली. "चुन्याच्या मालाचं एक आहे. ओला असताना एकदा गोठला की तो मेला. नंतर कितीही शेक द्या, तो पीठ होतो. मार्सियालने हिवाळ्यात बांधलेलं खुराडं त्यामुळेच गळतंय. आता ही भिंत बघा. तिच्यावर माझी किल्ली वाकली. दगड घडून लावलेत, सांध्यावर सांधा येऊ दिलेला नाही, दर्जा थापीने दाबलेला. हे शेतकऱ्याचं काम नाही. आणि हा माल एक क्षणही गोठलेला नाही."

"मग?" बोर्दास म्हणाला.

"त्या महिन्यात दगड फुटतील असं हिंव होतं, हे तुम्हीच सांगितलंत. मंगळवारी भिंत तयार होती, चूल विझलेली होती, बादलीत बर्फ होता, हे यांनी सांगितलं. बादलीत बर्फ झाला, तर चार हातांवरचा ओला चुनाही गोठायला हवा होता. बर्फ खरा असेल तर ही भिंत तेव्हा नव्हती. भिंत खरी असेल तर घर गार नव्हतं. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही."

ओनोरीनने मान वळवून दाराकडे पाहिलं.

"ही भिंत जळत्या चुलीसमोर बांधली गेली," क्लेर पुढे म्हणाली, "आणि नंतर कित्येक दिवस तिला शेक मिळाला. मस्यू बोर्दासनी धुराडं रोज पाहिलं, धूर खंडला नाही. चूल कोणी पेटती ठेवली, ते ओनोरीनबाईंनी स्वतःच सांगितलं. उपकार म्हणून सांगितलं."

"गाईंसाठी ठेवली होती," लेओनार म्हणाला.

"गाई पडदीपलीकडे असतात. त्यांच्या अंगचीच ऊब त्यांना पुरते." तिने वर बोट दाखवलं. "मग छप्पर. गोठा गळतो, त्यात गाई आहेत. तरी एकवीस वर्षं बंद असलेल्या भट्टीच्या फरश्या दोनदा बदलल्या गेल्या. ज्या भट्टीचा घुमट तडकलाय असं तुम्ही सांगत होतात, तिच्यावर एवढी मेहनत का? पाणी आत जाऊ नये म्हणून. घुमट पडू नये म्हणून. या उन्हाळ्यात पाय मोडला, वर चढता आलं नाही, आणि पहिल्याच मोठ्या पावसात तो पडला."

फौजदार सावकाश म्हणाला, "माणसांतलं मी बोलतो. मार्सियाल गेला, हे पाद्रीबाबांना तुम्ही सांगितलंत. पाद्रीबाबांनी बोर्दासना सांगितलं. भट्टी त्याने बुजवली, हे ओनोरीनबाईंना तुम्ही सांगितलंत. ज्याला विचारावं त्याची वाट तुमच्या दाराशी येते. आणि दुसरं. या लग्नाच्या आड एकच माणूस होता. तो गेला. मग त्याच वसंतात तुम्ही विचारायला हवं होतं. नाही विचारलंत. का? या चुलाण्यापाशी बसून तुम्हाला जेवता आलं नसतं म्हणून."

चुलीत ओंडका खचला.

मग लेओनार बोलायला लागला, फौजदाराशी नाही, जमिनीशी.

"मी विचारायला आलो होतो. रविवार होता. तो इथे उभा होता, पाठ चुलाण्याकडे. म्हणाला, ती मरायला टेकलीय आणि तुला घर हवंय. मी म्हटलं, मला ती हवीय. तो हसला. मी ढकलला. एवढंच. जोरात ढकलला. डोकं चुलाण्याच्या दगडी खांबावर आपटलं. मला वाटलं उठेल. मी बराच वेळ वाट बघितली."

"पाद्र्याकडे जायचं, डॉक्टरकडे जायचं," बोर्दास पुटपुटला.

"तिला दवाखान्यात कोण सांगणार होतं? डॉक्टर म्हणाला होता, तिला धक्का बसता कामा नये. म्हटलं, ती बरी होऊन येऊ दे. मग सांगू. ती आली तर म्हणाली, घर किती ऊबदार ठेवलंस." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्यानंतर नाही सांगता आलं."

ओनोरीन उठली. शाल खांद्यावरून घसरली, तिने ती उचलली नाही.

"मला वाटायचं माझ्या छातीमुळे," ती म्हणाली. "माझ्या दुखण्याला भितोस म्हणून विचारत नाहीस. तुला लागण नको म्हणून एकवीस वर्षं मी तुझा वाडगा वेगळा धुवायचे."

लेओनारने काठी घेतली, कसाबसा उभा राहिला आणि फौजदारापुढे दोन्ही मनगटं धरली.

वेसिएरने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "कायद्याने दहा वर्षांची मुदत असते," तो म्हणाला. "ती अकरा वर्षांपूर्वीच संपली. मी तुमचा जबाब घेईन, सरकारी वकिलाकडे पाठवीन, तो फाइल बंद करील. मी तुम्हाला नेऊ शकत नाही."

"न्या मला."

"नेता येत नाही."

"मग मी कुठे जाऊ?"

"घरी," फौजदार म्हणाला.

मार्सियालला शनिवारी पुरलं. पाद्री, बोर्दास, त्याची बायको, क्लेर आणि ओनोरीन, एवढीच माणसं होती. लेओनार कुंपणाबाहेर उभा होता. मातीची शेवटची टोपली पडल्यावर ओनोरीन त्याच्यापाशी गेली.

"सोमवारी हत्यारं घेऊन ये," ती म्हणाली. "ती भिंत तू बांधलीस. तूच काढ."

क्लेरचं काम संपलं होतं, पण ती थांबली. लेओनार सोमवारी आला. आखडलेला पाय एका बाजूला टाकून तो चुलाण्यात गुडघ्यावर बसला आणि छिन्नी लावली. इतका घट्ट माल त्याने आयुष्यात दुसरीकडे कुठे लावला नसावा. पहिल्या दिवशी तीन दगड निघाले. दुसऱ्या दिवशी चार. ओनोरीन खुर्ची ओढून समोर बसायची, हात मांडीवर ठेवून. तो बाहेर पडला की ती दगड स्वतः अंगणात नेऊन ठेवायची. क्लेरने मदत करायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू दे पोरी. मला जड नाहीत."

गुरुवारी दुपारी शेवटचा दगड निघाला. पलीकडच्या भगदाडातून उजेड थेट स्वयंपाकघरात आला, चुलीच्या राखेवर पडला. लेओनार तसाच गुडघ्यावर राहिला. त्याला आपल्या आपण उठता येईना. ओनोरीनने त्याला काखेत हात घालून उठवलं, दारापर्यंत आणलं आणि कोणत्याही मजुराला द्यावा तसा सुपाचा वाडगा हातात दिला. तो उभ्यानेच प्यायला. तिने वाडगा परत घेतला.

"लेओनार," ती म्हणाली, "आता येऊ नकोस."

"बरं," तो म्हणाला.

तो चढाला लागला. क्लेरने अंगणातून पाहिलं. अर्ध्या वाटेवर तो दम घ्यायला थांबला, वळून पाहील असं वाटलं, पण त्याने नुसती काठी दुसऱ्या हातात घेतली आणि तो चालू लागला. आत ओनोरीनने झाडू घेतला होता. भट्टीच्या तोंडातून ती वाकून आत शिरली होती, आणि बऱ्याच वेळापर्यंत आतून तिच्या झाडण्याचा आवाज येत राहिला.